हरभऱ्याची भाजी धुवायची नसते

आमच्या घरात दोन गोष्टींवर वाद चालत नसे. एक काकाची माळ आणि दुसरा काकाचा घोळाणा.

माळ तुळशीची, ती समजावून सांगायला नको. घोळाणा मात्र ज्यानं खाल्ला नाही त्या बिचाऱ्याला सांगावा लागतो. थंडीत हरभरा वीतभर झाला की त्याचे कोवळे शेंडे खुडायचे. त्यात कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचा कूट, मीठ आणि वरून कच्च्या तेलाची धार. मग हातानं सगळं मस्त घोळायचं. शिजवणं नाही, फोडणी नाही. बांधावर बसायचं, मांडीवर ज्वारीची भाकरी घ्यायची आणि खायचं. ज्यानं हे केलं नाही त्याच्या थंडीला काय अर्थ आहे, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

यातला सगळ्यात मोठा कायदा असा, की हरभऱ्याची भाजी धुवायची नसते. हरभऱ्याच्या पानावर आंब असते. बोट लावून चाटलं की आंबट-खारट लागते. भाजी धुतली की आंब गेली. एकदा शहरातून आलेल्या माझ्या आतेबहिणीनं शेंडे पाण्यात बुडवले, तर काकानं ती अख्खी पाटी म्हशीपुढं टाकली. "धुतलं का? आता खा गवत!" असं म्हणाला. ती रडली. मला तिची कीव आली नाही, कारण धुवायचं नसतं हे लहान लेकरालाही कळतं, असं मला वाटायचं.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्यानं लग्न केलं नाही, ट्रक केला. हिंगोलीच्या मोंढ्यातून हळदीची पोती भरायची आणि पार खाली दक्षिणेत पोचवायची हा त्याचा धंदा. आमचं गाव डोंगरकड्यापासून जवळ. काका आला की ट्रकचा हॉर्न फाट्यावरच वाजायचा आणि मी पळत सुटायचे. गावात त्याला मान होता. माळकरी माणूस, एकादशी चुकवत नाही, मंदिरात सप्ताह असला की वीणा त्याच्या गळ्यात. कुणी अंडं खाल्लेलं कळलं तरी पारावर बसवून अर्धा तास ऐकवायचा. पण घोळाणा झाला की पहिला घास माझा. आईला नाही, बाबांना नाही. "आधी माझी माय खाईल," असं म्हणून तो घास माझ्या तोंडात कोंबायचा. मी कॉलेजात गेले, माझं लग्न जमलं, तरी पहिला घास काकाच्या हातानं.

लग्न जमलं ते सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या गावात. मुलाचं खत-बियाण्यांचं दुकान होतं, थोडी ओलिताची शेती होती. तो बघायला आला तेव्हा मान खाली घालून पोहे खात होता. मी विचारलं, "तुमी काही बोलत नसता का?" तर म्हणाला, "तुमी बोलून राहिल्या, तर ऐकून राहिलो." मला तिथंच आवडला. मी तशी तोंडाची फटकळ. मला ऐकणारा माणूस मिळणं म्हणजे लॉटरीच होती. साखरपुड्यानंतर आम्ही फोनवर बोलायचो, म्हणजे मी बोलायचे आणि तो 'हं' म्हणायचा. त्या 'हं'मध्ये किती प्रकार असतात ते मला पाठ झालं होतं.

मग बस्त्याचा दिवस आला. दोन्हीकडची माणसं हिंगोलीच्या कापड दुकानात गादीवर बसली. साड्यांचे ढीग पडायला लागले. दुकानदार "भाभीजी, ये देखो, ये चमक देखो" करत होता. होणाऱ्या सासूबाई भावात कुणाला ऐकत नव्हत्या. मी एक मोरपंखी शालू अंगावर लावून आरशाकडं वळले. डाव्या हाताची बोटं आपोआप उडायला लागली. मला आठवतंय, मी स्वतःशी म्हणाले, हे काय आता? त्याच्यापुढचं मला आठवत नाही.

जे झालं ते मला नंतर आईनं सांगितलं. मी साड्यांच्या ढिगावर पडले, हातपाय झटकायला लागले, तोंडाला फेस आला. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल. चप्पल दुकानातल्याच कुणा गिऱ्हाइकाची होती, हे ऐकून मला फिट आल्यापेक्षा जास्त राग आला. शुद्धीवर आले तेव्हा डोकं बधिर होतं, जीभ चावली गेली होती आणि समोर सासूबाई मोरपंखी शालूची घडी घालत बसल्या होत्या. ती घडी त्यांनी दुकानदाराच्या बाजूला सरकवली. निघताना फक्त बाबांना म्हणाल्या, "इवाई, पोरीला दाखवून घ्या. बाकीचं पाहू मंग."

'पाहू मंग' म्हणजे काय हे मुलीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. परतीच्या जीपमध्ये आई पदर तोंडात कोंबून बसली होती. काका गाडी चालवत होता. एरवी खड्ड्याखड्ड्याला सरकारला शिव्या देणारा माणूस त्या दिवशी मुकाट्यानं खड्डे खात होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं नांदेडला गेलो. डोक्याच्या डॉक्टर मॅडम होत्या, तरुण, चष्मेवाल्या. त्यांनी आधी एकच गोष्ट बजावली. फिट आली की चप्पल-कांदा काही लावायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. माणसाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार काही असेल तर बाजूला करायचं आणि दवाखाना गाठायचा. मग मला त्या मोठ्या मशीनमध्ये घातलं. खडखड आवाजात पडल्या पडल्या मी एकच विचार करत होते. तो शालू आता दुसरी कुणीतरी घेणार.

फोटो आले. मॅडमनी ते उजेडाला लावले आणि पेनाच्या टोकानं दाखवलं. मेंदूत एक बारकी गोल कडी होती आणि कडीच्या आत एक ठिपका. "हा ठिपका दिसतो ना? हे त्याचं डोकं."

"कोणाचं?" बाबांनी विचारलं.

"किड्याचं. पट्टकृमीची ही अळी आहे."

आई इतकी वर्षं मला म्हणत आली होती, की या पोरीच्या डोक्यात किडा वळवळतो. तिनं फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि रडता रडता तिला हसू आलं. मलाही आलं. बाबांना मात्र आलं नाही.

मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलेली. पट्टकृमीची आकृती मला डोळे मिटून काढता यायची. डोक्याला आकडे, अंगाला फितीसारखे खंड, सगळ्यांना नावं देऊन. सकाळी ती आकृती पाठ करायची आणि दुपारी बांधावर बसून न धुतलेला हरभरा खायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं माझ्या विद्वान डोक्यात कधी आलं नाही.

मॅडमनी कागदावर माणूस काढला, डुक्कर काढलं आणि मधे बाण. "हा किडा माणसाच्या आतड्यात राहतो. मीटर-मीटर लांब होतो. त्याची अंडी शौचातून बाहेर पडतात. उघड्यावर बसलं की ती अंडी डुक्कर खातं. डुकराच्या मांसात त्यांच्या अळ्या होतात. ते मांस कुणी कच्चं-पक्कं खाल्लं की अळी पोटात जाते आणि तिथं परत लांब किडा होतो. असं चक्र फिरतं."

"पण आमी तर अंडं बी खात न्हाई हो!" बाबा जवळजवळ ओरडले. "माळकरी घर हाय आमचं."

"मांस खाल्लं तर किडा पोटात होतो, डोक्यात नाही. डोक्यात होतो तो अंडी गिळल्यामुळे. ज्याच्या पोटात किडा आहे त्याच्या न धुतलेल्या हातातून, शेतातल्या पालेभाजीतून, पाण्यातून. तेव्हा डुकराच्या जागी माणूस येतो. शाकाहारी माणसालाही हे होतं, आणि भरपूर होतं."

"म्हंजे माझी लेक डुकराच्या जागी हाय?" बाबांनी विचारलं. मॅडमना हसू आवरेना. मी बाबांच्या हातावर चापटी मारली.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की हा आजार बरा होतो. किड्याची गोळी, तिच्यासोबत मेंदूची सूज उतरायची गोळी आणि फिटची गोळी. फिटची गोळी बराच काळ घ्यायची, एक दिवससुद्धा चुकवायची नाही, मनानं बंद करायची नाही. तोवर एकटीनं विहिरीवर जायचं नाही, गाडी चालवायची नाही. हा आजार घराण्यात उतरत नाही. लग्नाला काही अडचण नाही. हे शेवटचं वाक्य आईनं त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"आता घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करा," मॅडम म्हणाल्या. "घरात कुणाला शौचातून पांढरे, चपटे तुकडे पडलेले दिसलेत का? भोपळ्याच्या बीसारखे, फितीच्या तुकड्यांसारखे?"

आईनं मान हलवली. बाबांनी मान हलवली. काका छतावरच्या पंख्याकडं पाहत होता. पंखा बंद होता.

घरी आलो आणि डब्यांचं रामायण सुरू झालं. तपासणीसाठी तिघांना एकेक प्लास्टिकची डबी दिलेली. बाबा लाजले, आई त्याहून लाजली. आईनं आपली डबी चार पिशव्यांत गुंडाळून, वर ओटीच्या खणासारखी गाठ मारून माझ्या हातात दिली आणि तोंड फिरवलं. काका मात्र भडकला. "मी माळकरी माणूस! माझं काय तपासून राहिले? देवाच्या वीणेला हात लावतो मी. उद्या डबी घेऊन फिरू का?" असा फणकारा करून तो शेतात गेला. आई भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "खाई त्याला खवखवे." आईच्या मनात तेव्हा काही नव्हतं हो, सहज म्हणाली. पण माझा हात डब्यांवरच थांबला. मला तो बंद पंखा आठवला.

मी तशीच शेतात गेले. हरभरा कधीच निघून गेला होता, वावर उघडं पडलं होतं. काका बांधावर बसला होता. मी सरळ विचारलं, "काका, तुकडे पडतात ना?"

तो मातीत काडीनं रेघोट्या मारत राहिला.

"कधीपासून?"

"सालभर झालं असंल. जास्तच." मग हळू म्हणाला, "मला वाटलं जंत हाईत. गूळ-वावडिंग खाल्लं. जात न्हाई ते."

"आणि खाल्लं कुठं?"

खरं सांगते, मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला होता, की त्याला बांधावरून ढकलून द्यावं. पण तो जे सांगत गेला ते ऐकून मला हसू यायला लागलं आणि हसण्यानं राग आणखी वाढला. खाली कॉफीच्या मळ्यांकडं माल घेऊन गेलं की ड्रायव्हर लोक ट्रकच्या बाजूला स्टोव्ह पेटवून स्वयंपाक करायचे. एकदा पावसात अडकले. भाकरीचं पीठ संपलं होतं. जोडीदारानं ताटली पुढं केली, "खाके तो देखो, भाऊ." घाईत शिजवलेलं, अर्धं कच्चं. खाल्ल्यावर कळलं डुकराचं आहे.

"मंग पहिल्यांदा चुकून खाल्लं तू?" मी म्हणाले.

"व्हय. चुकून."

"आन् दुसऱ्यांदा?"

काकानं हातातली काडी मोडली. "दुसऱ्यांदा आठवण आली म्हून."

"आन् माळ?"

"ती आधी काढून आरशाला लटकवायचो नं," तो घाईनं म्हणाला. जणू त्यानं माळेची फार मोठी काळजी घेतली होती. मी हसले. फिस्सकन हसले. तो हसला नाही. त्यानं आपले दोन्ही हात पुढं केले, उलटे-सुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "याच हातानं घास द्यायचो मी तुला. लोटा घेऊन याच बांधाच्या आडोशाला बसायचो, आन् इथलीच भाजी खुडायचो. हात निसते मातीला घासायचो. मीच घातला नं तुझ्या डोक्यात तो किडा?"

"नेमकं कुठून आलं ते कुणालाच सांगता येत नसतं, काका. मॅडमनी तसंच सांगितलंय," मी म्हणाले. ते खरंही होतं. पण त्याला ते पटलं नाही आणि मलाही पुरतं पटलं नव्हतं. आमच्या घरामागं सरकारी योजनेतला संडास होता आणि त्यात आई गोवऱ्या भरून ठेवायची. चौघांपैकी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तेव्हा एकट्या काकाला काय बोल लावायचा?

त्यानं मला शपथ घातली, की हे दादा-वहिनीला कळता कामा नये. "माझी पत गेली तर मी गावात तोंड कसं दाखवू?" मी शपथ घेतली. त्याची डबी मीच नेली. तपासणीत अंडी निघाली. त्यानं बाटलीत एक तुकडाही धरून दिला होता, तो पाहून तिथल्या डॉक्टरनी जात नक्की सांगितली, डुकराच्या मांसातूनच येणारी. आधी काकाला डोकं दुखतं का, कधी फिट आली का, हे सगळं विचारून घेतलं आणि मग चार मोठ्या गोळ्या चावून खायला लावल्या. चुन्यासारख्या लागतात म्हणे. नंतर पोट साफ व्हायचं औषध. दुसऱ्या दिवशी काकानं मला घरामागून हाक मारली. कुजबुजत म्हणाला, "चाल, बघून घे. तू शिकलेली हाय. दोरीएवढं हाय, माय!" मी गेले. विषय माझा होता, नाही कसं म्हणू? पांढरी फीतच फीत. आकृतीत मी तिला कायम आखूड काढत आले होते.

मी माझ्या गोळ्या घेत होते. फिट परत आली नव्हती. होणाऱ्या नवऱ्याचा फोन मात्र बंद झाला होता. मी केला तर उचलायचा नाही. एकदाच मेसेज आला, "घरात बोलून राहिलो." माझ्यासारख्या बडबड्या बाईला तीन शब्दांचा मेसेज म्हणजे उपासच की! मी तो किती वेळा वाचला असेल सांगत नाही.

मग एका सकाळी सासू-सासरे आणि तो, तिघं आले. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या तसाच ठेवला. पाणी न पिणं म्हणजे काय, हेही सांगावं लागत नाही. मी आतल्या दारात उभी होते. तो खाली पाहत होता.

"आमाला पोरीचा राग न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "पण फिट म्हंजे फिट. आज बस्त्यात आली. उद्या चुलीपाशी आली तर? कडेवर लेकरू असताना आली तर? आन् ही मिरगी पुढं लेकराबाळांत उतरते म्हणतात."

बाबांनी सगळं सांगितलं. फोटो दाखवले. कडी, ठिपका, डुक्कर, अंडी. घाईत त्यांचे बाण उलटे झाले, मग परत सुलटे केले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"इवाई, एक बोलू का?" त्या म्हणाल्या. "तुमी माळकरी लोक. साऱ्या पंचक्रोशीला माहीत हाय. तुमच्या घरात अंडं शिजत न्हाई, आन् तुमच्या पोरीच्या डोक्यात डुकराचा किडा? कोण मानंल? खोटं बोलायचं तर पटंल असं तरी बोला."

आमचा सगळा चांगुलपणा आमच्याच गळ्यात अडकला होता. जितकं शुद्ध घर, तितकं खरं खोटं वाटणार. मी दाराची कडी घट्ट धरली. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण शपथ घेतली होती. मी काकाकडं पाहिलंसुद्धा नाही, कारण पाहिलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं.

काका कोपऱ्यात खांबाला टेकून बसला होता. तो उठला, बैठकीच्या मधोमध आला. गळ्यातली माळ काढली, कपाळाला लावली आणि बाबांच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवली.

"किडा माझ्या पोटात होता," तो म्हणाला. "मी खाल्लं. ट्रकवर. एकदा न्हाई, लई वेळा. माझ्या हातातून, माझ्या वावरातून पोरीच्या तोंडात गेला. डॉक्टरची चिठ्ठी हाय माझ्यापाशी, पण चिठ्ठी काहून पाहता, मी उभा हाय नं तुमच्या म्होरं. पोरीत खोट न्हाई. पोरीच्या घराण्यात न्हाई. खोट माझ्यात हाय."

आईनं पदर तोंडाला लावला. बाबा माळेकडं पाहत राहिले. आयुष्यभर ज्यानं गावाला अंड्यावरून ऐकवलं, तो माणूस पाहुण्यांपुढं उघड्या गळ्यानं उभा होता. तो गळा मी कधी असा पाहिला नव्हता. माळेच्या जागी पांढरा वळ होता. मला रडू फुटलं, चांगलं मोठ्यानं.

सासूबाईंनी काकाला खालून वर न्याहाळलं. "डुकराचं?"

"व्हय."

"कशासोबत खाल्लं?"

"भातासोबत," काका बिचारा खरंखरं सांगायला लागला. "नुसत्या मिठा-मिरचीचं असतं, पण..." सासरे एकदम खोकले. खोकला होता की हसू, कोण जाणे. सासूबाई गर्रकन वळल्या. "तुमाला काय झालं? तुमी काहून हसून राहिले? तुमाला बी डबी आणून देऊ का?" सासरे तिथंच गार झाले. तेव्हा त्या दिवशी पहिल्यांदा मी नवऱ्या मुलाचा आवाज ऐकला. तो हसत होता. मान खाली घालून, पण हसत होता.

"पोरीच्या तोंडात गेलं कसं पण?" सासूबाईंनी विचारलं.

"घोळाणा मीच करतो. हातानं."

"आन् भाजी? धुतली न्हाई?"

काका गोंधळला. "हरभऱ्याची भाजी कोण धुतं, इहीनबाई?"

सासूबाईंनी तोंड उघडलं, मग मिटलं. बहुतेक आपण आजवर खाल्लेला घोळाणा आठवत असाव्यात. सासरेही आठवत होते, तोही आठवत होता. "व्हय बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "आमी बी न्हाई धुत. आंब जाते." आणि त्यांनी नकळत पदरावरून स्वतःच्या डोक्याला हात लावला.

मग त्यांनी तांब्या उचलला. पाणी प्यायल्या, सगळं. माझ्या आईचा अडकलेला श्वास तेव्हा सुटला, मला मागून ऐकू आला.

"खोटं बोलायचं असतं तर याच्याहून बरं बोलले असते तुमी," सासूबाई म्हणाल्या. "इतकं लाजिरवाणं कोणी मनानं रचत न्हाई. लगीन व्हईल. पण पोरी, गोळ्या चुकवायच्या न्हाईत. आन् तो मोरपंखी शालू गेला, सांगून ठेवते. दुसऱ्या गिऱ्हाइकानं नेला."

लग्न झालं. नारिंगी शालूत झालं. मला नारिंगी रंग शोभत नाही, हे मी आजही बोलून दाखवते आणि नवरा 'हं' म्हणतो.

किंमत काकानं मोजली. गावभर गोष्ट पसरली. ज्यांना त्यानं पारावर बसवून ऐकवलं होतं त्यांनी सगळं व्याजासकट परत केलं. "वरून कीर्तन, आतून तमाशा," असं त्याच्या तोंडावर बोलले. सप्ताहात वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली आणि काका मागं टाळ घेऊन उभा राहिला. माळ मंदिरातल्या बुवांनी पुढं परत घातली, पण वीणा आली नाही. त्यानं कधी तक्रार केली नाही. एक मात्र झालं. संडासातल्या गोवऱ्या त्यानं स्वतः बाहेर काढल्या आणि दारात साबणाची वडी टांगली. आता तो गावातल्या पोरांना अंड्यावरून बोलत नाही. हात धुतले का, यावरून बोलतो. पोरं पळतात ती तशीच.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी माहेरी आले. माझ्या डोक्याचा नवा फोटो काढून झाला होता. कडी गेली होती, ठिपक्याच्या जागी नुसता वाळलेला डाग राहिला होता. फिटच्या गोळ्या अजून चालू होत्या. आई म्हणाली, "यंदा काकानं एक शेंडा खुडला न्हाई. हरभरा उभा हाय तसाच."

मी काकाला ओढतच वावरात नेलं. "मला घोळाणा पाहिजे," म्हणाले.

"तूच कर."

"मला तुझ्यासारखा येत नाही."

तो कुरकुरत उठला. बोअरच्या नळीखाली साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. नखं घासली. शेंडे खुडले आणि तीन पाण्यांतून काढले. प्रत्येक पाण्यात आंब जाताना त्याचं तोंड कसनुसं होत होतं. मग परत हात धुतले. घोळलं. ताटली माझ्यापुढं ठेवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. "घे. तुझ्या हातानं घे."

मी ताटलीला हात लावला नाही. "काका, भूक लागली आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग उठला, परत नळीखाली गेला, परत साबण लावला. ओल्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला, त्यात घोळाणा घेतला आणि घास माझ्या तोंडापर्यंत आणला. मी तोंड उघडलं.

आंब अजिबात नव्हती.

"कसा झाला?" त्यानं विचारलं.

"गवत," मी म्हणाले, आणि परत तोंड उघडलं.